अनसूयाबाई मेस्त्री आणि पार्टी

माझ्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस रेकॉर्डींकडे बघत नाही, वाडग्याकडे बघतो. भिंतभर कपाट आहे. त्यात कोळणींच्या हळदीची गाणी आहेत, देवीची लस टोचून घ्या म्हणून सांगणारं सरकारी गाणं आहे, कुठल्याशा साखर कारखान्याच्या पहिल्या मोळीचं भाषण आहे, निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचा पोवाडा आहे. ज्यांना एकदा स्टुडिओत बोलावलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही, अशा माणसांचा हा सगळा गोतावळा. ते सोडून पाहुण्याची नजर जाते मधल्या फळीवर. तिथे एक छोटा काळा वाडगा आहे. काठाला झालरीसारख्या लाटा, सोनेरी रंगाचे पोपडे निघालेले. "हे काय, अ‍ॅशट्रे का?" असं एका शहाण्याने विचारलं होतं. त्याला मी दुसऱ्यांदा चहा विचारला नाही. तो वाडगा मी केलेला आहे. सतरा वर्षांची होते, आणि तेवढा मोठा गाढवपणा मी पुढे एकदाच केला, तो लग्नाच्या वेळी. पण ते इथे नको.

तेव्हा आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत राहायचो. खालच्या नळावरून पाणी भरून वर चढायचं म्हणजे दम निघायचा, पण वर पोचलं की वारा असायचा. खालून कारखान्यांचे भोंगे ऐकू यायचे आणि कुठला भोंगा कुणाच्या घरच्या माणसाचा हे चाळीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. बाबांची गिरणी सुटली होती, ते एका गोदामावर वॉचमन होते. आई डब्यांची झाकणं पाडणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होती. पत्रा सरकवायचा, पायाने पट्टी दाबायची, धाड. पुन्हा पत्रा, पुन्हा धाड. दिवसभर हेच. घरी आली तरी ती धाडधाड तिच्या कानात चालू असावी, कारण ती आमच्याशी त्या आवाजाच्या वर आवाज चढवून बोलायची. आमच्या घरात भांडण असं फारसं नव्हतंच, पण खालच्या ओळीतल्या बायकांना वाटायचं की चंद्रभागाबाईंकडे रोजची कटकट आहे. रविवारी मात्र सगळं निवांत. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, बाबा भिंतीला टेकून पेंगलेले. आई अशा वेळी तांदूळ निवडत बसायची. एक गोष्ट तिने कधी केली नाही. ती गात नसे. गणपतीच्या आरतीलाही तिचे नुसते ओठ हलायचे. मला लहानपणापासून वाटायचं, हिचा आवाज फाटका असणार, म्हणून बिचारी लाजते.

मॅट्रिक झाल्यावर मी नोकरीची वाट बघत घरात बसले होते, तेव्हा महिला मंडळाचा हस्तकलेचा वर्ग लावला. त्या दिवसांत एक खूळ आलं होतं. जुनी निरुपयोगी रेकॉर्ड घ्यायची, उकळत्या पाण्यात धरायची, मऊ झाली की उपड्या भांड्यावर टाकून तिचा वाडगा करायचा. वर सोनेरी रंग, आत प्लॅस्टिकची फुलं. कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये तुम्ही असले वाडगे पाहिले असतील. बाईंनी सांगितलं, घरातून एक जुनी रेकॉर्ड घेऊन या. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता, मग रेकॉर्ड कुठून असणार? पण मला आठवलं की आईच्या ट्रंकेत, तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल आहे. आई कामावर होती. मी ट्रंक उघडली. छोटी रेकॉर्ड होती, वरचं पाकीट नव्हतं. मधल्या कागदावर लिहिलं होतं, 'गौरीची गाणी', आणि खाली 'अनसूयाबाई मेस्त्री आणि पार्टी'. कोण या अनसूयाबाई, मला घेणं ना देणं. विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. वर्गात जाऊन मी ती सांडशीत धरली आणि पाण्यात बुडवली. अशी लवकर मऊ झाली की सगळ्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या.

वाडग्याला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा. मी दोन्ही हातांत दोन्ही वस्तू मिरवत घरी आले. आई नुकतीच येऊन पाय धूत होती. तिने डबा बघितला, "बरो आसा," म्हणाली, आणि वाडगा हातात घेतला. उलटा केला. तळाशी तो मधला कागद तसाच राहिला होता, फक्त अक्षरं जरा वाकडी झाली होती. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं कौतुक चाललंय. मग तिने वाडगा पुसून फळीवर ठेवला आणि चुलीकडे वळली. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं, एवढंच मला आठवतं.

दोन-तीन आठवड्यांनी मुलुंडहून शेवंतामावशी आली. ही आईची गावची मैत्रीण, रक्ताच्या बहिणीपेक्षा जवळची, आणि तोंडाला कुलूप नसलेली. चहाचा कप घेऊन बसली आणि तिची नजर फळीवर गेली. उठली, वाडगा उचलला, खाली बघितलं, आणि अशी किंचाळली की शेजारची कमल दारात येऊन उभी राहिली.

"गो चंद्रे, ह्यां आपला गाणां! ह्येचा काय केलंस ह्यां?"

"माझ्या चेडवान केल्यान. फुलदाणी," आई म्हणाली.

"मंगल, तू? तुका म्हाईत नाय? तुझ्या आवशीन गायलला हा ह्येच्यात!"

मी आईकडे बघितलं. ती पापड भाजत होती, आणि पापड जळत होता.

मग शेवंतामावशीने सगळं सांगितलं, आणि आई मध्येमध्ये "गप रव गो" म्हणत राहिली, पण थांबवू शकली नाही. त्या दोघी नवीन लग्न होऊन मुंबईला आल्या तेव्हाची गोष्ट. अनसूयाबाई मेस्त्री नावाची एक बाई गौरीची गाणी फार झकास म्हणायची. रेकॉर्ड कंपनीने तिला बोलावलं. तिने आपल्या गावच्या पाच पोरी मागे धरायला घेतल्या. मानधन म्हणून प्रत्येकीला रेकॉर्डची एकेक प्रत मिळायची होती. नाव मात्र एकीचंच छापायचं, बाकीच्या सगळ्या 'पार्टी'. ते तसंच असायचं, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटायचंही नाही. गाणं होतं गौर होडीतून येते त्याचं. अनसूयाबाई म्हणायची, 'तरीतून उतरली गवर माझी', आणि मागून सगळ्यांनी म्हणायचं, 'पाय भिजले गं, पाय भिजले'. गावाला हे गाणं फेर धरून म्हणतात आणि 'पाय' म्हणताना पाय आपटतात. त्या आपटण्यावरच सगळा ठेका. पण स्टुडिओतल्या माणसाने सांगितलं, पाय अजिबात हलवायचे नाहीत, माइकमध्ये धपधप येतं. पैंजणंसुद्धा काढायला लावली. लाल दिवा लागला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला अनसूयाबाईंनी सूर जरा जास्त लांबवला. पाय बांधलेले, त्यामुळे आईचा अंदाज चुकला. ती आधीच म्हणून गेली. एकटीच. 'पाय'. तेवढा एकच शब्द. मग घाबरून गप्प, आणि मग बाकीच्यांबरोबर पुन्हा. बाहेर दुसरी पार्टी ताटकळत उभी होती, पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. तसंच छापलं.

"आणि त्या अनसूयाबायन सगळ्यांसमोर सांगल्यान, चंद्रे, तुझ्यापायी माझी रेकॉर्ड नासली," शेवंतामावशी म्हणाली. "तेच्या नंतर हिना तोंड उघडल्यान नाय. येवढो गोड गळो!"

"होतो गोड," आई म्हणाली. "आता जाव दे. मोडली ती बरी मोडली. माझी चूक होती तेच्यात."

आई इतक्या शांतपणे हे म्हणाली की मला तिचा रागच आला. बरी मोडली तर मग लुगड्यात गुंडाळून वीस वर्षं ट्रंकेत का ठेवलीस? मी ओरडून विचारलं. ती पाठमोरी पापड भाजत राहिली. मला वाटलं उत्तर टाळते आहे. मी पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काय म्हणतंस? मोठ्यान बोल." मी आधीच ओरडत होते. चाळीला ऐकू गेलं होतं, तिला गेलं नव्हतं.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांशी घंटीसारखं काहीतरी वाजवलं आणि सांगितलं की प्रेसच्या आवाजाने कानाच्या नसा गेल्यात, गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही जाईल. काम सोडायला सांगितलं. आईने ते नीट ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन कामावर गेली. बाबांच्या एकट्याच्या पगारात घर चालत नव्हतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी त्या वाडग्यासमोर उभी राहिले आणि ठरवलं. त्या रेकॉर्डची दुसरी प्रत शोधायची आणि आईला तिचा आवाज ऐकवायचा. कान पुरते जायच्या आत. तिने नको म्हटलं तरी. मी हेकट होतेच लहानपणापासून, पण त्या दिवसापर्यंत त्या हेकटपणाला काही काम नव्हतं.

आधी सोपा रस्ता धरला. अनसूयाबाई वारल्या होत्या. शेवंतामावशीची प्रत गावाला मिठाच्या बरणीवर झाकण म्हणून राहिली आणि फुटली. उरलेल्या तिघींपैकी दोघी गावाला निघून गेलेल्या, त्यांना पत्रं टाकली, उत्तर आलं की घर शाकारताना सगळं इकडचं तिकडे झालं. तिसरीचा पत्ताच नव्हता. दुकानात विचारलं तर दुकानदार हसला. असल्या रेकॉर्डी एकदा छापायच्या, पुन्हा कोण छापतो? मग बाबांनी, जे महिन्यात दोन वाक्यं बोलायचे, त्यातलं एक बोलून टाकलं: "लाउडस्पीकरवाल्यांना विचार."

आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. तेव्हा लग्न असो, सत्यनारायण असो, बारसं असो, कर्णा बांधल्याशिवाय कार्य होत नसे. मंडप घालणाऱ्याच्या शेजारीच लाउडस्पीकरवाल्याची टपरी असायची, आणि त्याच्याकडे पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. गिऱ्हाईक कोकणातलं असेल तर कोकणातली, घाटावरचं असेल तर तिकडची, कोळीवाड्यात जायचं असेल तर कोळीगीतं. कुठल्या वस्तीत कुठली माणसं राहतात हे त्या पेट्या उघडल्या की कळायचं. मी दर रविवारी बस पकडायची. घाटकोपर आधी पालथं घातलं, मग भांडुप, मुलुंड. मग पश्चिमेला अंधेरी, जोगेश्वरी. सतरा-अठरा वर्षांची पोरगी एकटी येऊन गौरीची रेकॉर्ड मागते म्हटल्यावर कुणी चेष्टा करायचं, कुणी बसायला स्टूल द्यायचं. जोगेश्वरीच्या एकाने विचारलं, "लग्न ठरलं का गं तुझं? मग गौरीची कशाला, लग्नाची घेऊन जा ना." मी म्हटलं, "तुमचं झालंय का? मग बायकोला विचारा, तिला माहीत असेल." तो हसला आणि पूर्ण पेटी माझ्यासमोर पालथी केली. त्यात नव्हती. कुणाच्याच पेटीत नव्हती. असे आठ-नऊ महिने गेले, आणि दर रविवारी रात्री जेवताना मला आईशी आणखी थोडं जोरात बोलावं लागायचं.

ट्रॉम्बेला कांबळेकाका भेटले नसते तर मी कदाचित सोडून दिलं असतं. कदाचित. त्यांचं साउंड सर्विसचं छोटं दुकान होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली कर्ण्यांची रास. मी माझं नेहमीचं पुराण सांगितलं. त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"पार्टीत होती का आई तुझी?" ते म्हणाले. "बस इथं."

आतून त्यांनी एक रेकॉर्ड आणली. नगरकडच्या कुठल्याशा शाहिराचा जलसा, खाली तेच, 'आणि पार्टी'. थाळीवर ठेवली, सुई टेकवली. शाहीर खड्या आवाजात म्हणत होता आणि मागे चार-पाच जणं 'जी रं जी' करत होती. मला सगळे सारखेच वाटले.

"त्यातला माझा बाप कुठला, सांग."

"कसं सांगू? सगळे एकत्रच आहेत ना."

"पुन्हा ऐक. शाहिराकडं ध्यान देऊ नको. तो दिसतोच सगळ्यांना. मागं बघ." त्यांनी सुई पुन्हा मागे नेली. चौथ्या-पाचव्या वेळी मला कळलं. शेवटचा 'जी' एक जण जरासा लांब ओढत होता. बाकीचे थांबल्यावर त्याची शेपटी तेवढी उरत होती. मी बोट वर केलं. कांबळेकाकांनी डोळे पुसले आणि लगेच माझ्यावर खेकसले, "रडतोय म्हणून काय बघतेस? माझ्या जन्माच्या आधी आवाज घेतलाय तो. बाप मी बघितला नाही. एवढाच आहे."

मग त्यांनी त्या रेकॉर्डची दुसरी प्रत मला दिली. पैसे घेतले नाहीत. "एक काम कर पण," म्हणाले. "तुझी शोधताना दुसऱ्या कुणाची असली पार्टी दिसली, तर सोडू नको. उचल. त्यांचीबी पोरं असतील कुठंतरी." माझ्या कपाटातली पहिली रेकॉर्ड ती. लोक मला विचारतात, हा छंद कसा लागला. छंद कसला डोंबलाचा! एका माणसाला शब्द दिला होता, तो अजून फिटलेला नाही.

गणपतीच्या आधी महिनाभर कांबळेकाकांनी निरोप पाठवला. बोरिवलीला कोकणातल्या माणसांची एक मोठी चाळ आहे, तिथला मंडपवाला त्यांचा दोस्त. तो म्हणतो, त्या चाळीत गौरीच्या दिवशी होडीतून येणाऱ्या गौरीचं गाणं लावतात. रेकॉर्ड चाळीच्या मंडळाची आहे, वर्षभर कुलपात असते, बाहेर फक्त त्या दिवशी निघते. मी त्याच आठवड्यात जाऊन आले. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, विकणार नाही, उसनी देणार नाही, कुलूपही उघडणार नाही. ऐकायची तर गौरी पूजनाला या, जेवूनच जा. मी तिथेच भांडले. काही उपयोग झाला नाही. माझ्यापेक्षा हेकट माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. ती रेकॉर्ड पुढे पंधरा वर्षांनी माझ्याकडे आली, चाळ पडली तेव्हा, आणि ती द्यायला तेच अध्यक्ष काठी टेकत आले. पण त्या वेळी एकच उपाय होता, आईला तिकडे न्यायचं.

"माका नको," आई म्हणाली. "लोकांसमोर माझी चूक वाजवतलंस?"

"तुझी चूक कुणाला माहीत आहे तिथे?"

"माका म्हाईत आसा ना."

एवढं तिला कळावं म्हणून मी तिच्या उजव्या कानात बोलत होते. डावा संपला होता. उजव्यातही शब्द अर्धे जायचे, बाकीचे ती ओठांवरून उचलायची. मी रडले, चिडले, जेवले नाही. ती बधली नाही. माझा हेकटपणा कुठून आलाय ते तेव्हा कळलं. शेवटी शेवंतामावशीला मुलुंडहून बोलावून घेतलं. ती आली, ट्रंकेतलं हिरवं पातळ काढलं, आईच्या अंगावर टाकलं आणि म्हणाली, "नेस. माका माझो आवाज आयकूचो आसा. तुझ्यासाठी नाय येवक सांगत." आई नेसली.

दोन बस बदलून आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळत होती. चाळीच्या मधल्या चौकात मंडप. तेरड्याच्या रोपांची गौर, तिला साडी, मुखवटा, गळ्यात काळी पोत. सुपांत ओवसे, म्हणजे गौरीला ओवाळायची फळं-पानं, भरून ठेवलेले. घावन-घाटल्याचा वास सगळ्या चौकात पसरला होता. आम्हाला बसवलं, पानं दिली. आईने घावन मोडला, खाल्ला, "गूळ कमी पडलो घाटल्यात," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मी मेल्याहून मेल्यासारखी. मग बायकांनी फेर धरला. मंडळाच्या माणसाने कुलूप काढलं, रेकॉर्ड थाळीवर ठेवली. मी आईला ओढून कर्ण्याच्या अगदी खाली उभं केलं, उजवा कान वर करून.

खरखर झाली. अनसूयाबाईंचा आवाज आला, धारदार, गावच्या मातीतला. मागून पोरी उठल्या, 'पाय भिजले गं, पाय भिजले'. शेवंतामावशीने तोंडावर पदर घेतला. मी आईकडे बघत होते. आई माझ्याकडे बघत होती.

"लागली काय गो?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"माका नुसती घरघर आयकाक येता."

एक वर्ष. एक अख्खं वर्ष मी मुंबईभर वणवण फिरले, आणि थोडक्यासाठी उशीर झाला. मला आईचा, अध्यक्षांचा, त्या प्रेसचा, स्वतःच्या त्या पहिल्या बक्षिसाचा इतका राग आला की मी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. दुसरं कडवं संपलं. तिसरं सुरू झालं. अनसूयाबाईंनी सूर लांबवला, लांबवला, आणि फेरात एक बाई एकटीच पुढे आली. कोवळी पोरगी, हिरवा चुडा हातभर. तिने पाय उचलला आणि धाडकन आपटला. "पाय!" आणि त्याच क्षणी कर्ण्यातूनही एक आवाज आला. एकटा, गोड, घाबरलेला. 'पाय'. मग क्षणभर सगळं थांबलं, आणि मग चाळीतल्या चाळीस बायकांचे पाय एकदम खाली आले. जमीन हादरली. 'पाय भिजले गं, पाय भिजले'.

आईने खाली बघितलं. स्वतःच्या तळव्यांकडे. मग बायकांच्या पायांकडे. जे कानांना कळलं नाही ते तिला पायांतून कळलं.

"ह्यो काय करतत गो?" तिने मला विचारलं. तिचा आवाज चिरकला होता. "ती एकटी कित्याक म्हणाली आधी?"

मी फेरातल्या एका वयस्क बाईला हाताला धरून बाजूला घेतलं आणि विचारलं. तिला प्रश्नच कळेना. "असंच आहे ना गाणं," ती म्हणाली. "आधी एकटीने म्हणायचं, मग सगळ्यांनी. रेकॉर्डवर तसंच आहे. आमच्याकडे तो नव्या सुनेचा मान. आमच्या पोरी सासरी गेल्या तरी तसंच म्हणतात." मी तिला सांगितलं, रेकॉर्डवरची ती एकटी म्हणजे ही, माझी आई. मग आईच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द तोडून, तिला हे सगळं सांगितलं. नव्या सुनेचा मान, हे तीनदा सांगावं लागलं.

आई आधी हसली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती हसायची थांबेना.

"शेवंते, आयकलंस? ह्या मेल्यांनी माझी चूक पाठ केल्यानी गो!"

चौकात हे पसरायला किती वेळ लागणार! अध्यक्ष स्वतः उठले, सुई उचलली, पुन्हा सुरुवातीला ठेवली. ती नवी सून आईपाशी आली, वाकून पाया पडली आणि हाताला धरून म्हणाली, "मावशी, या वर्षी तुमचा मान." मला वाटलं आई हात सोडवेल. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि फेरात जाऊन उभी राहिली. गाणं सुरू झालेलं तिला ऐकू येत नव्हतं. ती बायकांच्या पायांवर नजर ठेवून फिरत होती. एक कडवं, दोन. तिसरं लागलं. अनसूयाबाईंचा सूर चढायला लागला होता, पुरता लांबायचा अजून बाकी होता, आणि आईने पाय उचलला.

"पाय!"

माझ्या सगळ्या आयुष्यात आईचा गाता आवाज मी समोर असा एकदाच ऐकला, आणि तो तेवढाच, एका शब्दाचा. तो चुकला होता. रेकॉर्डवरच्या चुकीच्याही आधी होता, चांगला एक ठेका आधी. आधी माझ्यासमोरची आई म्हणाली, मग कर्ण्यातली वीस वर्षांची आई म्हणाली. मग अख्ख्या चाळीने पाय आपटले.